दगडात समुद्र पाहणारा माणूस

नरखेडहून संत्र्याचा ट्रक निघाला, की समुद्राचे वारे लागायला त्याला सात-आठशे किलोमीटर तोडावे लागतात. त्यामुळे त्या भागातले माझ्या ओळखीचे एक बागायतदार गेल्या उन्हाळ्यात घरी आले, तेव्हा त्यांची अडचण मला लगेच समजली. मुलगी भूशास्त्रात एम.एस्सी. झाली. आता तिला गोव्याला जाऊन समुद्रतळाच्या गाळावर पीएच.डी. करायची आहे. पाच वर्षे जाणार, लग्नाचे वय निघून जाणार, आणि मुळात आपल्या काळ्या मातीचा समुद्राशी संबंध काय, असे त्यांचे म्हणणे. मी जन्मभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. परतफेड कशातून होणार, हा प्रश्न माझ्याही जिभेवर आधी येतो. पण त्या दिवशी मी त्यांना सल्ला दिला नाही. बिरबल साहनींची गोष्ट सांगितली.

साहनी मूळचे पंजाबचे. जन्म १४ नोव्हेंबर १८९१, गाव भेरा, जे आज पाकिस्तानात आहे. वडील रुचिराम लाहोरच्या सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. सुटीत मुलांना घेऊन हिमालयात पायपीट करणे हा त्यांचा छंद. पानाफुलांची आणि दगडांची ओढ बिरबलला तिथेच लागली. तरीही मुलाने आय.सी.एस. व्हावे, ही त्या काळातल्या कुठल्याही बापासारखी रुचिरामांची इच्छा होती. मुलाने उलट उत्तर दिले नाही. आज्ञा असेल तर जाईन, पण मन वनस्पतिशास्त्रात आहे, एवढेच त्याने नम्रपणे कळवले. बापाने हट्ट सोडला. माझ्या मते या चरित्रातला सर्वांत मोठा निर्णय तोच, आणि तो मुलाने नव्हे, बापाने घेतला.

केंब्रिजला प्राध्यापक सीवर्ड यांच्या हाताखाली साहनी जीवाश्म वनस्पतींकडे वळले. १९१९ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली आणि ते मायदेशी परतले. १९२०मध्ये सावित्रीबाईंशी विवाह झाला. १९२१पासून लखनौ विद्यापीठ हेच त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. १९३६ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

आणि आता आपला मुलूख. नरखेडच्या शेजारी, मध्य प्रदेशच्या हद्दीत सौंसर आहे. बाजारात आजही मराठी ऐकू येते. त्याच्या पलीकडे छिंदवाडा जिल्हा. लाव्हाचे एकावर एक थर साचून हा प्रदेश तयार झाला. दोन थरांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, झाडे होती. त्या झाडांचे अवशेष गारगोटीसारख्या कठीण दगडात टिकून राहिले. सौंसरच्या दगडांवरचा साहनींचा आणि एच. एस. राव यांचा निबंध १९४३चा. त्यात त्यांना ॲझोला हे गोड्या पाण्यावर तरंगणारे नेचे सापडले.

छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानची कथा याहून नवलाची. तिथे के. पी. रोडे यांना निपा या ताडवर्गीय झाडाचे फळ दगडात मिळाले. निपा वाढतो तो सुंदरबनासारख्या खाऱ्या-मचूळ खाडीत. म्हणजे एके काळी समुद्राचे पाणी इथवर शिरत असणार! १९३७ साली साहनी आणि रोडे यांनी मोहगावच्या जीवाश्मांवर मिळून लिहिले. पुढे तिथल्याच एका जलवनस्पतीला साहनींनी रोडाइट्स असे नाव देऊन सहकाऱ्याचा मान राखला.

त्यांचे सगळेच बरोबर ठरले असे नाही. या वनस्पतींवरून त्यांनी लाव्हाचे वय डायनोसॉरच्या नंतरचे ठरवले होते. आजच्या मोजमापानुसार त्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला. पण खाडीचा माग खरा निघाला. छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिली इथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये फोरॅमिनिफेरा हे समुद्रात तरंगणारे सूक्ष्म जीव सापडले. ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झाले. हे जीव ओळखता येतात ते कोणाला? ज्यांनी समुद्रतळाच्या गाळाचा अभ्यास केला आहे, त्यांनाच.

१९४६ साली साहनी दांपत्याने आपली पुस्तके, जीवाश्म आणि मालमत्ता देऊन लखनौला पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी करायला घेतली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. त्या शिलेत देशोदेशींचे जीवाश्म जडवलेले होते. आणि आठवडाभरातच, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनी गेले. वय अवघे सत्तावन्न. भिंती चढलेल्या त्यांनी पाहिल्या नाहीत. सावित्रीबाईंनी पदर खोचला आणि संस्था पूर्णत्वाला नेली. आज ती साहनींच्याच नावाने चालते.

गोष्ट संपली तेव्हा बागायतदारांचा चहा निवला होता. व्यवहाराचेही दोन शब्द मी सांगितले. नेट परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाली, तर पोरीला खर्चासाठी बापापुढे हात पसरावा लागत नाही. मात्र नोकरीची हमी मी देऊ शकलो नाही. तशी हमी साहनींच्या वडिलांनाही कोणी दिली नव्हती.

जाताना ते फाटकाशी थांबले आणि आपल्या शेतातल्या विहिरीच्या मलब्यात पांढुरके, गारगोटीसारखे दगड निघाले होते, ते बांधावर पडून आहेत, असे म्हणाले. ते पोरीला दाखवायला हवेत, असे पुटपुटत त्यांनी गाडी सुरू केली.