रोबोटचा बाप, ब्लॅक जॅकचा डॉक्टर

कॉमिक्स हातात दिसलं की घरोघरी एकच डायलॉग ऐकू येतो : अभ्यास सोडून हे काय वाचत बसलास! कॉमिक्स म्हणजे टाइमपास, पिक्चर म्हणजे टाइमपास आणि गंभीर विचार करायचा तर जाडजूड पुस्तकच हवं, असं आपण लहानपणापासून धरून चाललोय. हा समज पार उलटा करून टाकणाऱ्या एका जपानी माणसाची ही गोष्ट. ओसामु तेझुका. डॉक्टरी शिकला आणि आयुष्यभर चित्रं काढत बसला.

ओसामुचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. बालपण ताकाराझुका गावात गेलं. चष्मेवाला, किडकिडीत मुलगा. किडे गोळा करायचा इतका नाद, की पुढे त्याने सहीत आपल्या नावाला किड्याचं अक्षर जोडून टाकलं. वडिलांकडे घरगुती प्रोजेक्टर होता. त्यावर मिकी माऊस आणि चॅप्लिन बघत स्वारी मोठी झाली.

मग युद्धाने सगळंच बदललं. शाळकरी मुलांना कारखान्यात जुंपलं गेलं. १९४५ मध्ये ओसाकाच्या एका रिकाम्या थिएटरात ओसामुने नौदलाने काढून घेतलेला, लहान मुलांसाठीचा कार्टून सिनेमा पाहिला. होता चक्क युद्धाचा प्रचार! पण त्यातली हळवी दृश्यं बघून तो रडला आणि आपणही असं काहीतरी करायचं हे तिथेच ठरलं. थोड्याच दिवसांनी तो कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर असताना ओसाकावर बॉम्ब पडले. तो वाचला. खाली उतरल्यावर त्याने जळालेली माणसं पाहिली. ही दोन्ही चित्रं, पडद्यावरचं आणि रस्त्यावरचं, त्याच्या डोक्यातून कधीच गेली नाहीत असं मला वाटतं.

युद्धानंतर एकीकडे मेडिकल कॉलेज, दुसरीकडे मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स. १९४७ मध्ये आलेल्या ‘नवा खजिन्याचा बेट’ या पुस्तकाने तेझुका प्रसिद्ध झाले. (तेव्हा ते सेकंड इयरच्या वयाचे होते, आपलं काय चाललंय!) डॉक्टर व्हायचं की चित्रकार, हे ठरेना. शेवटी आईने सांगितलं, मनाला आवडेल तेच कर.

१९५२ मध्ये त्यांचा ‘आतोम’ आला, ज्याला जग अ‍ॅस्ट्रो बॉय म्हणून ओळखतं. आपल्याला आठवतो तो उडणारा, गोड डोळ्यांचा रोबोट. पण त्याचा जन्म बघा. डॉ. तेन्मा नावाच्या शास्त्रज्ञाचा मुलगा अपघातात जातो. दुःखाने वेडापिसा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा रोबोट बनवतो. सगळं परफेक्ट! फक्त रोबोटची उंची वाढत नाही. तेव्हा तेन्मा चिडतो आणि त्याला सर्कशीला विकून टाकतो. आता सांगा, बिघाड कुठे होता? मशीन तर स्पेसिफिकेशनप्रमाणेच बनलं होतं. आपल्या एकाही व्हायवाला हा प्रश्न येत नाही. जपानमधली दहा वर्षांची पोरं मात्र तो खाऊच्या पैशात विकत घेऊन वाचत होती. आणि त्याच काळात तिथल्या पालक-शिक्षकांनी कॉमिक्सविरुद्ध मोहीम काढली, त्यात तेझुकांवरही टीका झाली!

१ जानेवारी १९६३ ला आतोम टीव्हीवर आला आणि तुफान चालला. पण तेझुकांनी ही मालिका खर्चापेक्षाही कमी किमतीत विकली होती. त्याचा भार रात्रंदिवस राबणाऱ्या कलाकारांवर पडला, हे त्यांच्या भक्तांनीही मान्य करायला हवं. शेवटी १९७३ मध्ये त्यांच्या स्टुडिओचं दिवाळं वाजलं. तेझुका संपले, असं लोक बोलू लागले.

त्याच वर्षी ब्लॅक जॅक आला. हा लायसन्स नसलेला सर्जन. अफाट फी मागतो आणि अशक्य ऑपरेशन करून दाखवतो. त्याच्यासमोर उभा डॉ. किरिको. हा युद्धात डॉक्टर होता. तिथली तडफड बघून आलाय आणि आता असह्य वेदनेतल्या लोकांना शांत मरण देतो. एका गोष्टीत अपघाताने लुळी पडलेली आई मुलांवर भार नको म्हणून किरिकोला बोलावते. मुलं मात्र ब्लॅक जॅककडे जातात. तो ऑपरेशन करतो, आई बरी होते. आपण सुटकेचा श्वास सोडतो. पुढच्याच पानावर बातमी, गाडीच्या अपघातात आई आणि मुलं सगळी गेली. किरिको हसत सुटतो. ब्लॅक जॅक त्याच्यामागे ओरडतो, की तरीही मी माणसांना बरं करणार, मला स्वतःला जगायचंय म्हणून. बस, गोष्ट संपली. कोण बरोबर ते तेझुका सांगतच नाहीत. मी ती दोनदा वाचली, दोनदा पार्टी बदलली. आणि हे सगळं मुलांच्या साप्ताहिकात, वीसेक पानांत!

१९६१ मध्ये त्यांनी मेडिकलची डॉक्टरेटही मिळवली होती, विषय गोगलगायीच्या शुक्रपेशी. पेशंट मात्र तपासले ते कागदावरचेच. आपल्या गौतम बुद्धांवर त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चित्रं काढली. त्यात राजपुत्राबरोबरच त्यांनी स्वतः रचलेल्या शूद्र मुलालाही, चाप्राला, जागा दिली. ‘अडोल्फ’मध्ये कोबे शहरातले दोन जिवलग मित्र आहेत, एक अर्धा जर्मन, एक ज्यू. त्यांचं पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, वाचाच.

पोटाच्या कॅन्सरने ते आजारी पडले. हॉस्पिटलच्या खाटेवरही काम चालूच होतं. ९ फेब्रुवारी १९८९ ला, साठाव्या वर्षी, ते गेले. तेव्हा हातात ‘निओ फाउस्ट’ होतं, सैतानाशी सौदा करणाऱ्या एका शास्त्रज्ञाची गोष्ट. त्याची शेवटची पानं शाईपर्यंत पोचलीच नाहीत. पुस्तकात ती आजही पेन्सिलीच्या कच्च्या रेघांतच छापलेली आहेत.