मौलाना हसरत मोहानी

मुलांनो, इन्किलाब झिंदाबाद ही घोषणा तुम्ही ऐकलीच असेल. ही घोषणा देशाला देणारे मौलाना हसरत मोहानी तुम्हांला शायर म्हणून माहीत असतील. आज त्यांच्या आयुष्यातील एका कठीण प्रसंगाची ओळख करून घेऊ या.

त्यांचे मूळ नाव सय्यद फझल-उल-हसन. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात मोहान हे त्यांचे गाव. म्हणून ते मोहानी झाले. हसरत हे त्यांचे तखल्लुस. १९०३ साली ते अलीगढच्या महाविद्यालयातून बी. ए. झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक सुरू केले. त्यात कविता असे, तसेच राजकारणही असे. लोकमान्य टिळकांविषयी त्यांना फार आदर होता.

१९०८ साली या मासिकात एक लेख छापून आला. इंग्रज सरकार मिसरमध्ये कसे वागते, यावर त्यात कडक टीका होती. लेखावर लेखकाचे नाव नव्हते. सरकारने हसरतांवर राजद्रोहाचा खटला भरला. लेख दुसऱ्याचा होता, पण त्यांनी लेखकाचे नाव सांगितले नाही. सारी जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांना दोन वर्षांची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. दंडाच्या वसुलीसाठी त्यांची जिवापाड जपलेली पुस्तके कवडीमोलाने विकली गेली. तुरुंगात ते जात्यावर धान्य दळत आणि दळता दळता शेर रचत. त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला जावे लागले.

आता तुम्ही विचाराल, यात गुन्हा कोणता? १८७० साली इंग्रजांनी दंडसंहितेत १२४-अ हे कलम घातले होते. सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा त्यामुळे गुन्हा ठरला. पण प्रीती आणि अप्रीती मनात असते. ती कायद्याने कशी मोजणार? म्हणून कोणतीही टीका गुन्हा ठरवणे सरकारला सोपे झाले.

मग माणसाने वाटेल ते बोलावे काय? तसेही नाही. समजा, चिडलेल्या जमावापुढे उभे राहून कोणी एखादे घर जाळायला सांगितले, तर त्याचे शब्द आणि पेटती काडी यांत फरक उरत नाही. आपल्या संविधानाच्या १९व्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्याला वाजवी मर्यादाही घातल्या. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारवर कडक टीका करणे हा राजद्रोह नव्हे. हिंसेला किंवा अशांततेला चिथावणी देणे हा गुन्हा आहे. २०२४ साली नवी न्याय संहिता आली आणि १२४-अ कलम गेले. परंतु देशाच्या एकतेला धोका आणणाऱ्या शब्दांसाठी तिच्यातही शिक्षा आहे. ही मर्यादा नेमकी कोठे असावी, यावर आजही वाद होतात.

हसरत तुरुंगातून सुटले, पण गप्प बसले नाहीत. पुढेही त्यांनी तुरुंगवास भोगला. १९२१ साली अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. तेव्हा ती मान्य झाली नाही. १९२९ साली लाहोरला काँग्रेसने तेच ध्येय स्वीकारले. पुढे हसरत संविधान सभेचे सदस्य झाले. १३ मे १९५१ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले.

मुलांनो, न पटणारे मत कानी पडले, की ते बंद करावे असे आपल्यालाही वाटते. अशा वेळी जात्यावर बसलेल्या या शायराची आठवण करा. त्या मताने कोणाला इजा होणार आहे, की ते फक्त आपल्याला बोचते आहे, हे आधी तपासून पाहा.