मनगटावर घड्याळ येण्याआधी योगाची मोजमापं घेणारा मराठी माणूस : स्वामी कुवलयानंद

मिठबावची पुळण असो नाहीतर मुंबईचा मरीन ड्राइव्ह, सकाळी चालायला निघालेल्या दहा जणांत दोघा-तिघांच्या मनगटावर तरी हार्ट रेट दाखवणारं घड्याळ असतंच. चार पावलं चाललं की नजर आकड्यावर. आकडा वाढला की छाती धडधडते, आणि छाती धडधडली की आकडा आणखी वाढतो!

व्यायाम करताना शरीरात नेमकं काय घडतं ते अंदाजाने सांगायचं नाही, यंत्र लावून मोजायचं, ही सवय आपल्याला परदेशी कंपन्यांनी लावली असं वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने याच एका कामासाठी आयुष्य वाहिलं होतं. तेही योगासारख्या विषयात, जिथे प्रश्न विचारणंसुद्धा अनेकांना पाखंड वाटायचं.

त्यांचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जग त्यांना ओळखतं ते स्वामी कुवलयानंद म्हणून.

गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. घरची परिस्थिती बेताची. पण पोरगा हुशार. १९०३ साली मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि पुढे बडोदा कॉलेजात शिकायला गेला. तो काळ टिळकांच्या राजकारणाने भारलेला होता. अरविंद घोषही तेव्हा बडोद्यातच शिकवत होते. देशासाठी आयुष्य द्यायचं आणि लग्न करायचं नाही, हे गुणे यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं.

बडोद्यात त्यांना पहिले गुरू भेटले ते राजरत्न माणिकराव. जुम्मादादा व्यायाममंदिराचे हे माणिकराव म्हणजे देशी व्यायामातलं मोठं नाव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षं गुणे त्यांच्या हाताखाली तयार झाले. शरीर कमावल्याशिवाय देश उभा राहणार नाही, हा धडा त्यांना या आखाड्यात मिळाला.

पुढे ते अमळनेरला शिक्षक म्हणून गेले. याच काळात त्यांची गाठ पडली नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासजींशी. हे त्यांचे दुसरे गुरू. त्यांच्याकडे गुणे यांनी योगातल्या क्रिया शिकून घेतल्या. इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही साधकाची वाटेल. वेगळेपण आहे ते पुढे.

गुणे यांना प्रश्न पडला, की या क्रियांनी शरीरात जे होतं असं म्हणतात, ते खरंच होतं का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नव्हता. उत्तर नाही असं आलं असतं, तर गुरूने दिलेली विद्याच खोटी ठरली असती. तरीही १९२०-२१ च्या सुमारास गुणे बडोद्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करणाऱ्या साधकांवर त्यांनी प्रयोग सुरू केले. आत काय चाललंय ते पाहायला एक्स-रे, आणि दाब मोजायला दाबमापक.

निकाल भन्नाट होता. नौली करताना पोटाचे मधले स्नायू पुढे येतात, आतली पोकळी वाढते आणि मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. बस्तीच्या क्रियेत पाणी आपोआप आत कसं ओढलं जातं, याचं उत्तर इथे मिळालं. कुठलाही चमत्कार नाही, सरळ दाबातला फरक! या निर्वात अवस्थेला त्यांनी गुरूचंच नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम.

ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम आश्रम सुरू केला. आश्रम म्हटलं की धुनी, जपमाळा डोळ्यांसमोर येतात. इथे त्यांच्या जोडीला प्रयोगशाळाही होती. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी नियतकालिक निघालं आणि प्रयोगांचे निकाल तक्त्यांसह, एक्स-रेच्या छायाचित्रांसह त्यात छापून येऊ लागले. सर्वांगासनात रक्तदाबाचं काय होतं, प्राणायामात श्वासाचं काय होतं, अशी एकेक गोष्ट तपासली जात होती.

प्राणायामाचं उदाहरण बघा. भरपूर ऑक्सिजन मिळतो म्हणून प्राणायाम करायचा, असं तेव्हाही लोक मानायचे आणि आजही फॉरवर्डमध्ये तेच फिरतं. कुवलयानंदांनी मोजमापं घेतली आणि ऑक्सिजन हे काही प्राणायामाचं मुख्य फळ नाही, अशा निष्कर्षाला आले. योगाच्या बाजूने जाणारी, लोकांना आवडणारी गोष्ट होती. पण मापात बसली नाही म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली.

त्यांचं नाव मोठ्या लोकांपर्यंत गेलं. मार्च १९२७ मध्ये कोल्हापूर-निपाणी भागातल्या दौऱ्यात गांधीजींची तब्येत बिघडली, रक्तदाब वाढला. त्यानंतर गांधीजी आणि कुवलयानंद यांच्यात पत्रव्यवहार झाला. आसनं कशी चाललीत, प्रकृती कशी आहे, याची हकिकत गांधीजी त्यांना कळवत असत.

१९३१ साली आसनं आणि प्राणायाम यांवरची त्यांची पुस्तकं आली. मुंबई प्रांताच्या शारीरिक शिक्षणाच्या कामात त्यांनी भाग घेतला. शाळेच्या मैदानावर एकत्र करता येईल असा यौगिक संघव्यायाम त्यांनी बसवला. १९३६ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर योगाचं आरोग्यकेंद्र उभं राहिलं. परदेशी अभ्यासकही लोणावळ्याला येऊ लागले.

त्यातलीच एक गोष्ट आजच्या घड्याळवाल्यांनी जरूर वाचावी.

१९५७ च्या सुमारास वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून यंत्रं घेऊन भारतात आले. लोणावळ्यातही त्यांनी काम केलं. काही योगी हृदय थांबवू शकतात असं ऐकिवात होतं, ते त्यांना तपासायचं होतं. दिल्लीचे डॉ. आनंद यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. श्वास रोखून छाती आणि पोटाचे स्नायू आवळले की मनगटावरची नाडी खरंच हाताला लागेनाशी व्हायची. पण त्याच वेळी ईसीजी मात्र सांगत होता, की हृदय चालू आहे! छातीतला दाब वाढल्यामुळे हृदयाकडे परतणारं रक्त कमी व्हायचं आणि नाडी क्षीण व्हायची, इतकंच.

थोडक्यात काय, तर मनगटावर जे कळतं ते आणि छातीत जे घडतं ते, दर वेळी एकच असेल असं नाही.

तुमच्या घड्याळाची गंमतही इथेच आहे. त्याच्या मागचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताच्या लाटा मोजतो. पट्टा ढिला असेल, हात जोरात हलत असेल, मूठ आवळली असेल किंवा त्या जागी गोंदण असेल, तर आकडा चुकतो. म्हणून व्यायामाच्या वेळी घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधावं. चालणं, सावकाश धावणं यासाठी ते पुरतं. पण वेग सतत कमी-जास्त करणारा व्यायाम किंवा वजनं उचलणं असेल, तर छातीचा पट्टा जास्त भरवशाचा. तो ईसीजीसारखे हृदयाचे विजेचे संकेत टिपतो.

दुसरं म्हणजे, २२० वजा वय हे सूत्र फक्त अंदाज आहे. चाळिशीतल्या माणसाचा कमाल आकडा त्यानुसार १८० येतो आणि मध्यम व्यायामासाठी साधारण ११५ ते १३७ ठोके धरतात. पण माणसागणिक यात बराच फरक पडतो. मऊ पुळणीत चाललात किंवा कोकणातल्या दमट हवेत धावलात, तर त्याच वेगाला ठोके जास्तच दिसणार. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी राहतात, तेव्हा अशांनी डॉक्टरांना विचारूनच आकडा ठरवावा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली, तर घड्याळ काहीही दाखवो, तिथेच थांबावं आणि लगेच डॉक्टरांकडे जावं.

कुवलयानंदांचं निधन १८ एप्रिल १९६६ रोजी झालं. बॅटरीवर चालणारी, खेळाडूंना वापरता येतील अशी हार्ट रेटची यंत्रं बाजारात यायला अजून बरीच वर्षं होती. कैवल्यधाम आजही लोणावळ्यात उभं आहे आणि तिथे संशोधनही चालू आहे.

योगाचा अभिमान बाळगणारे तेव्हाही खूप होते. पण अभिमान असूनही ज्याने आपल्या विद्येला यंत्रासमोर उभं केलं, आणि यंत्र काय सांगतंय याचा अर्थ लावायला डोकंही वापरलं, असा माणूस विरळा. मनगटावरचा आकडा बघून घाबरण्याआधी किंवा हुरळून जाण्याआधी एवढं आठवलं, तरी पुरे.