शहर पायी शिकविणारा प्राध्यापक

पॅट्रिक गेडिस यांनी आयुष्यभर प्राध्यापकी केली. पण स्वतः एकही परीक्षा देऊन पदवी घेतली नाही. २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हे गृहस्थ मूळचे जीवशास्त्राचे. १८७९ साली मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. अंधाऱ्या खोलीत खिडकीची तावदाने बोटांनी चाचपता चाचपता विचारांची मांडणी चौकटींत करण्याची युक्ती त्यांना सुचली. स्थळ, काम आणि माणसे ही त्यांची आवडती त्रयी पुढे त्यांनी अशाच घड्या घातलेल्या कागदांवर मांडली.

एडिंबरोच्या जुन्या, सुखवस्तूंनी टाकून दिलेल्या वस्तीत त्यांनी पत्नी ॲना हिच्यासह मुद्दाम बिऱ्हाड केले. तेथेच १८९२ पासून त्यांचा 'आउटलुक टॉवर' चालू झाला. पाहुण्याने आधी माथ्यावर चढून शहर डोळ्यांनी पाहायचे आणि मग एकेक मजला उतरत शहर, देश, जग समजून घ्यायचे, अशी ही शाळा.

शहर कळायचे तर डोंगरापासून समुद्रापर्यंतचे खोरे कळले पाहिजे, असे ते शिकवीत. आपल्या वाचकाला त्यासाठी स्कॉटलंडला जायला नको. कॅसलरॉकला गाडीत बसावे. रानातले ते सह्याद्रीमाथ्यावरचे स्टेशन, एके काळी ब्रिटिश मुलूख आणि पोर्तुगीज गोवा यांच्या सीमेवरचे. तेथून दूधसागरावरून घाट उतरला की भातखाचरे लागतात आणि शेवटी मुरगावचे बंदर. लाकूडतोड्या, शेतकरी, कोळी ही गेडिस यांच्या खोऱ्यातली माणसे एका प्रवासात भेटतात.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानकडे निघाले. त्यांचे नगरप्रदर्शन, म्हणजे वर्षानुवर्षे जमविलेले नकाशे आणि चित्रे, ज्या बोटीत होते ती जर्मनांच्या 'एम्डेन'ने बुडविली. नवी सामग्री जमवून १९१५ मध्ये मद्रासला त्यांनी प्रदर्शन भरविलेच! प्लेगनंतरचा तो काळ. साथ हटवायची म्हणून दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ते काढायचे आणि आड येतील ती घरे पाडायची, हा त्या वेळचा शिरस्ता. गेडिस गल्लोगल्ली पायी हिंडत, पडके घर, विहीर, झाड यांची नोंद करीत आणि पाडायचे ते कमीत कमी पाडा म्हणून भांडत.

१९१७ साल त्यांना फार जड गेले. एप्रिलमध्ये मुलगा ॲलस्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर पडला. ॲना येथेच आजारी होती. तिला ती बातमी सांगितलीच नाही. जूनमध्ये तीही गेली.

तरी ते इंदूरला आले, तुकोजीराव होळकरांच्या दरबारासाठी. हातात नकाशा घेतलेला साहेब दिसला की लोक धास्तावत. आता घर जाणार! यावर त्यांनी काढलेला तोडगा असा सांगतात : एका दिवसापुरता अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटविली, की दिवाळीची मिरवणूक जो रस्ता सर्वांत स्वच्छ असेल त्या रस्त्याने जाईल. घराघरांतून कचऱ्याचे गाडे निघाले. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि पांढऱ्या शुभ्र कपड्यांत सफाईकामगार मानाने चालत होते. साथ त्यामुळेच ओसरली असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. पण इतका मोठा वर्ग कोणत्या प्राध्यापकाने घेतला असेल? १९१८ साली इंदूरचा दोन खंडांचा अहवाल निघाला. त्यातले पुष्कळसे कागदावरच राहिले.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. दाढीत पुटपुटल्यासारखे बोलत, त्यामुळे मागच्या बाकांवर फारसे काही पोचत नसे. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये संस्कृतचे एम. ए.; त्यांना मात्र नेमके ऐकू आले. गेडिस यांच्या शिफारशीने ते इंग्लंडला गेले आणि १९२४ मध्ये गेडिस येथून गेल्यावर विभाग त्यांनी सांभाळला. गुरूचे शहर बाजूला राहून तेथे जात आणि जमाती यांचा अभ्यास वाढला.

१७ एप्रिल १९३२ रोजी फ्रान्समध्ये माँपेलिये येथे गेडिस वारले. घुर्यांचा शहरांवरचा ग्रंथ आला तो त्यानंतर तीस वर्षांनी, १९६२ मध्ये.