विश्लेषण : टाचण्यांच्या हत्तीने जर्मनीतील गिंगेनला खेळण्यांचे शहर कसे बनवले? मार्गारेटे श्टाइफ कोण होत्या?

दक्षिण जर्मनीत ब्रेंझ नदीकाठी वसलेले गिंगेन हे छोटे शहर कापडी खेळण्यांसाठी जगभर ओळखले जाते. या उद्योगाचा पाया घातला चाकाच्या खुर्चीत आयुष्य काढलेल्या मार्गारेटे श्टाइफ यांनी.

बालपण कसे गेले?

मार्गारेटे यांचा जन्म 24 जुलै 1847 रोजी गिंगेनमध्येच झाला. दीड वर्षाच्या असताना पोलिओने त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले, उजवा हातही अधू झाला. उपचारांचा उपयोग झाला नाही. मुलगी पोट कसे भरणार, ही घरच्यांची मोठी चिंता होती. भावंडे आणि शेजारची मुले त्यांना हातगाडीतून शाळेत नेत. हात साथ देत नसतानाही त्या चिकाटीने शिवण शिकल्या. शिलाई यंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवणे जमेना, तेव्हा त्यांनी यंत्रच उलट्या बाजूने वळवून घेतले.

हत्ती कुठून आला?

1877 मध्ये त्यांनी फेल्टच्या, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाच्या, कपड्यांचे दुकान काढले. 1880 मध्ये एका फॅशन मासिकातील नमुन्यावरून त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी छोटे हत्ती शिवले. मुले मात्र त्यांच्याशी खेळू लागली! मागणी वाढत गेली आणि 1893 मध्ये खेळण्यांच्या कारखान्याची रीतसर नोंदणी झाली.

टेडी बेअरशी संबंध काय?

त्यांचा पुतण्या रिचर्ड याने 1902 मध्ये हातपाय हलवता येणारे अस्वल तयार केले. 1903 च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकी व्यापाऱ्याने तब्बल 3,000 अस्वलांची मागणी नोंदवली. त्याच सुमारास ब्रुकलिनमध्ये मॉरिस मिक्टम यांनीही कापडी अस्वल विकायला काढले होते. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ‘टेडी’ रूझवेल्ट यांच्यावरून या खेळण्याला टेडी बेअर हे नाव मिळाले.

कानात बटण का?

अस्वले खपू लागताच नकलाही आल्या. म्हणून 1904 पासून अस्सल खेळण्याच्या कानात धातूचे बटण बसवले जाऊ लागले. ती खूण आजही कायम आहे.

शहराला काय मिळाले?

1907 मध्ये सुमारे 400 कामगार आणि घरून काम करणारे 1,800 जण मिळून 9 लाख 74 हजार अस्वले बनवत होते. 9 मे 1909 रोजी न्यूमोनियाने मार्गारेटे यांचे निधन झाले. जिच्या पोटापाण्याची घरच्यांना चिंता होती, तिच्या कारखान्यावर तोवर शेकडो घरांच्या चुली पेटत होत्या.