पांझरेच्या पाटावर घडलेला इंजिनिअर

धुळे : दरवर्षी १५ सप्टेंबरला इंजिनिअरिंग कॉलेजात अभियंता दिन होतो. म्हैसुरी पगडीतल्या एका वयस्कर माणसाच्या फोटोला हार पडतो, भाषणं होतात, पोरं घरी जातात. पण त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नोकरीचे पहिले धडे आपल्या खान्देशात, पांझरेच्या काठावर गिरवले, हे आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं.

जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी गावचा. वडील संस्कृतचे पंडित, घरात विद्या भरपूर पण पैसा बेताचा. पोरगं लहान असतानाच वडील गेले. बंगळूरला शिकताना विश्वेश्वरय्या दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन आपला खर्च भागवत. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. त्या काळात बी. ए. म्हणजे सरकारी नोकरी जवळजवळ हातात. घरची परिस्थिती पाहता तिथंच थांबणं सोपं होतं.

त्यांना मात्र इंजिनिअर व्हायचं होतं. म्हैसुरात तसं कॉलेजच नव्हतं. मद्रास, उत्तरेत रुरकी, कलकत्त्याजवळ शिबपूर आणि आपलं पुणे, देशभरात अशी मोजकीच ठिकाणं. कॉलेजच्या प्राचार्यांनी शब्द टाकला, म्हैसूरचे दिवाण रंगाचार्लू यांच्या राज्यातून शिष्यवृत्ती मिळाली अन् पोरगं पुण्याला आलं. १८५४ साली सुरू झालेलं ते कॉलेज तेव्हा सायन्स कॉलेज म्हणून ओळखलं जाई, आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. शिष्यवृत्ती नसती तर हा माणूस बहुधा कुठंतरी मास्तर झाला असता.

तिथं ते सिव्हिल शिकले. रस्ते, पूल, इमारती, कालवे, गावाचं पिण्याचं पाणी, सांडपाणी, सगळं त्या एकाच शिक्षणात यायचं. आज बांधकाम अन् पर्यावरण या वेगळ्या शाखाही कुठं कुठं मिळतात, पण मूळ तेच. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित घेऊन सीईटी दिली की डिग्रीची वाट आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, ही वाट खेड्यातल्या पोराला खर्चाच्या मानाने जास्त झेपते. सिव्हिल म्हणजे नुसत्या बिल्डिंगा, असं समजून सगळे कॉम्प्युटरकडे पळतात, ते काही बरोबर नाही.

१८८३ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात पहिले आले. पहिल्या नंबरला नोकरी ठरलेली. १८८४ मध्ये ते सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. नाशिकनंतर नेमणूक झाली खान्देशात. तेव्हा धुळे-जळगाव एकच जिल्हा, मुख्य ठाणं धुळे.

काम मिळालं साक्रीकडच्या दातर्ती गावाजवळ, पांझरेच्या पाटावर नळाचा सायफन टाकायचं. पाटाच्या वाटेत नाला आडवा आला की पाणी एकतर वरून न्यायचं, नाहीतर नाल्याच्या पोटातून. सायफनात नळ नाल्याखालून जातो. पाणी एका बाजूने उतरतं अन् पलीकडचं तोंड थोडं खालच्या पातळीवर ठेवलं की आपोआप वर येतं. ना मोट लागते ना बैल.

अडचण पावसाची होती. पुरात असं काम करणं जिकिरीचं, म्हणून पाऊस ओसरल्यावर करू, असं त्यांनी वरच्या साहेबाला कळवलं. साहेब नाराज झाला. नोकरी नवी, वय तेवीसच्या आतबाहेर, अन् सुरुवातीलाच कामचुकारपणाचा ठपका बसायची वेळ. कोणी चिडून राजीनामा दिला असता. यांनी पावसातच काम हाती घेतलं अन् पुरं करून दाखवलं. खरं पाहता त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पावसात नाल्यात खोदणारा कोणीही तेच सांगेल.

पुढचा प्रवास मोठा आहे. सिंधमधल्या सक्करला १८९५ च्या सुमारास गढूळ सिंधू नदीचं पाणी पात्रातल्या वाळूतूनच गाळून शहराला दिलं. पुण्याजवळ खडकवासल्याला पुराच्या वेळी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. नीरा कालव्यावर गटवार पाणी अन् पिकांची फेरपालट बसवली. पांझरेचे फड पाहिलेल्या शेतकऱ्याला त्यात ओळखीचं काही सापडेल.

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनिअर झाले, कृष्णराजसागर धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. १९१२ ते १९१८ ते दिवाण होते. भारतरत्न मिळालं १९५५ मध्ये, निधन १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून.

दिवाण असताना १९१७ मध्ये त्यांनी बंगळूरला इंजिनिअरिंग कॉलेज उघडलं. म्हैसूरच्या पोरांना सिव्हिल शिकायला मग पुण्याला जावं लागलं नाही.