मेकॅनिकलचा बॉबी जोन्स

मेकॅनिकलची डिग्री घेऊन भलत्याच वाटेने गेलेल्या लोकांची यादी आपल्या हॉस्टेलवर सगळ्यांना तोंडपाठ असते. कोणी एमपीएससी करून तहसीलदार झालेलं, कोणी बँकेत चिकटलेलं, कोणी थेट नाटकात. या यादीत मला एक नाव घालायचंय. रॉबर्ट टायर जोन्स, ज्याला जग बॉबी जोन्स म्हणून ओळखतं. १९२२ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या जॉर्जिया टेकमधून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. मग हार्वर्डला जाऊन १९२४ मध्ये इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, पुढे कायदा शिकून वकील झाला. आणि या सगळ्या धावपळीत वेळ मिळेल तसा गोल्फ खेळून १९२३ ते १९३० या आठ वर्षांत त्याने १३ मोठ्या स्पर्धा जिंकल्या. खेळत होता तोवर हौशी खेळाडूच राहिला, बक्षिसाचा एक पैसा घेतला नाही.

पण मला त्याच्यावर लिहावंसं वाटलं ते या तेरा स्पर्धांमुळे नाही, त्याच्या आधीच्या सात वर्षांमुळे. त्या सात वर्षांत सगळे त्याला उद्याचा चॅम्पियन म्हणत होते आणि मोठी स्पर्धा मात्र एकही हाती लागत नव्हती.

आधी खेळ थोडक्यात सांगते. आमचं गाव भोरजवळचं उत्रोली. तिथे गोल्फ कोणी खेळत नाही हे वेगळं सांगायला नकोच. पुण्यात येरवड्याचं गोल्फ कोर्स आहे, तेही मी बसच्या खिडकीतूनच पाहिलंय. म्हणून आपल्याच खेळांवरून समजावते. भात काढून झालं की आमच्याकडे रिकाम्या खाचरात विटी-दांडू चालायचा. विटी जितकी लांब जाईल तितकं दांडूने मोजून जास्त मिळायचं, म्हणजे जो लांब मारणार तो राजा. गोट्यांचं उलट. जमिनीतल्या खळग्यात गोटी अलगद घालायची, जोर दाखवला की ती गेलीच पलीकडे. गोल्फमध्ये हे दोन्ही खेळ एकामागोमाग खेळावे लागतात. सुरुवातीला विटी-दांडू, शेवटी गोट्या. आणि खरी गोम अशी की मार्क दोन्हीला सारखेच! अडीचशे यार्डांचा फटका मारला तरी एक, दोन इंचांवरून चेंडू ढकलला तरी एक. ज्याचे एकूण फटके कमी तो जिंकला. अठरा होल्सना साधारण ७२ फटके अपेक्षित धरतात आणि त्यातले ३६, म्हणजे बरोबर निम्मे, ग्रीनवरचे असतात. ग्रीन म्हणजे होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ. तिथे पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीने चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायचा, त्याला पटिंग म्हणतात.

बॉबीचा विटी-दांडू जवळजवळ जन्मजात होता. १७ मार्च १९०२ चा जन्म. लहानपणी इतका अशक्त की पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट जेवण पचत नसे. मोकळी हवा मिळावी म्हणून घरचे अटलांटाबाहेर ईस्ट लेक या गोल्फ कोर्सशेजारी राहायला गेले. तिथे स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश प्रशिक्षक होता. त्याने या पोराला असं समोर उभं करून फारसं शिकवलं नाही. पोरगंच त्याच्या मागे मागे फिरायचं आणि नक्कल करायचं. त्या नकलेतूनच त्याचा तो प्रसिद्ध लयदार स्विंग आला. नवव्या वर्षी, १९११ मध्ये, तो अटलांटाची ज्युनियर स्पर्धा जिंकला. १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनला थेट अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला आणि मिसरूड न फुटलेल्या या मुलाने मोठमोठ्यांना घाम फोडला. फटके लांब जायचे आणि सरळ जायचे. शेवटी उपांत्यपूर्व फेरीत हरला, पण तोवर पेपरवाल्यांना नवा हिरो मिळाला होता.

त्या गर्दीत एक म्हातारबुवा हा खेळ बघत होते. वॉल्टर ट्रॅव्हिस. यांची गोष्ट बॉबीच्या अगदी उलट. जन्म १८६२ चा, ऑस्ट्रेलियातला. गोल्फची काठी पहिल्यांदा हातात धरली ती पस्तिशीच्या उंबरठ्यावर. त्या वयात अंगात लांब फटका कुठून येणार? तो कधी आलाच नाही. पण ग्रीनवर त्यांच्याइतका अचूक माणूस त्या काळात दुसरा नव्हता. तेवढ्या जोरावर त्यांनी १९००, १९०१ आणि १९०३ ची अमेरिकन हौशी स्पर्धा मारली आणि १९०४ ला इंग्लंडमध्ये जाऊन ब्रिटिशांची हौशी स्पर्धाही आणली. ट्रॅव्हिसना बॉबीत एकच खोट दिसली. लांबचे फटके सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही, पण पटिंगची पद्धत मुळातच चुकीची आहे, असं त्यांचं मत पडलं. तेव्हाच त्यांनी त्याला शिकवायचं ठरलं होतं, पण बॉबीची गाडी चुकली, तो उशिरा पोचला आणि वेळेच्या बाबतीत कडक असलेल्या ट्रॅव्हिसनी शिकवायला साफ नकार दिला, असं सांगतात. (आपल्याकडे प्रॅक्टिकलला दहा मिनिटं उशीर झाला की काय होतं ते आठवा!) तो धडा मिळायला पुढे आठ वर्षं जायची होती.

मधली वर्षं वाईट गेली. पहिल्या महायुद्धात राष्ट्रीय स्पर्धाच बंद होत्या. त्या सुरू झाल्यावर बॉबी दरवर्षी जवळ जायचा आणि हरायचा. आणि हरला की भडकायचा. काठ्या फेकायचा. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजला, म्हणजे गोल्फच्या पंढरीत, ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत तो अकराव्या होलला वाळूत अडकला आणि चिडून डाव अर्धवट सोडून मोकळा झाला. त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला त्याने फेकलेली काठी उडून एका बाईंच्या पायाला लागली. तेव्हा संघटनेने त्याला स्पष्ट ताकीद दिली, की राग आवरत नसेल तर आमच्या स्पर्धेत येऊ नकोस.

बहुतेक लोक इथे म्हणतात की त्याची अडचण म्हणजे त्याचा राग. मला ते अर्धंच पटतं. राग येतो कुठे, ते पाहायला हवं. अडीचशे यार्डांचा फटका थोडा वाकडा गेला तर चालून जातं, पुढच्या फटक्यात सांभाळता येतं. पण छान दोन फटके मारून ग्रीनजवळ यायचं आणि मग शेवटच्या दहा फुटांत तीन-तीन फटके घालवायचे, याने संताचंही डोकं फिरेल. थोडं गणितच करू ना. होलचा व्यास १०८ मिलिमीटर. चेंडू तीन मीटरवर आहे. चेंडू अगदी हळू येतोय असं धरलं तरी त्याचा मध्य होलच्या मध्यापासून ५४ मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. ५४ भागिले ३००० म्हणजे ०.०१८ रेडियन, साधारण एक अंश. डावीकडे एक, उजवीकडे एक, बास. त्यात ग्रीनला उतार असतो, वेग जास्त झाला तर चेंडू काठावरून फिरून बाहेर येतो. हा सगळा टॉलरन्सचा खेळ आहे. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब केलेल्यांना हे पटेल. हॅकसॉने तुकडा पाच मिनिटांत कापून होतो, पण शेवटचा अर्धा मिलिमीटर फाइलने घासताना दोन-दोन प्रॅक्टिकल जातात आणि दंडात ताकद असून काही उपयोग होत नाही.

१९२३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या इनवुडला त्याने पहिली अमेरिकन ओपन जिंकली, आणि ती लांबच्या फटक्यावरच. बॉबी क्रुकशँकशी बरोबरी, जादा फेरीतही शेवटच्या होलपर्यंत बरोबरी, आणि तिथे याने रफमधून पाण्यावरून जवळजवळ १९० यार्डांचा फटका मारून चेंडू होलपासून काही फुटांवर आणला. म्हणजे पटिंग सुधारल्याशिवाय तो जिंकलाच नसता असं मी म्हणणार नाही. पण असा फटका रोज लागत नसतो.

१९२४ च्या सुरुवातीला जॉर्जियातल्या ऑगस्टाला ट्रॅव्हिस आणि बॉबी पुन्हा भेटले. ट्रॅव्हिस आता बासष्टीचे, बॉबी बाविशीला टेकलेला. म्हाताऱ्याने आठ वर्षं अडवून ठेवलेला धडा अखेर दिला. मला तर त्यात निव्वळ मेकॅनिक्स दिसतं. पाय फाकवून उभं राहायचं नाही, टाचा जवळजवळ चिकटवायच्या, म्हणजे अंग हलत नाही. डाव्या हाताची तर्जनी उजव्या हाताच्या बोटांवर टाकायची, म्हणजे दोन हात भांडत नाहीत, एकच हात असल्यासारखे चालतात. काठी मागे नेताना डावं मनगट वापरायचं. आणि चेंडूला टोला द्यायचा नाही, तर चेंडूच्या पाठीत एक बारीक चूक ठोकतोय अशी कल्पना करायची. (ही चूक म्हणजे चुका नव्हे, चपलेतली छोटी खिळी!) एवढंच. बॉबीने ते घरी नेलं आणि घोटत बसला.

त्याच्याकडे पटरही आता कायमचा एकच होता. स्टुअर्ट मेडनच्या भावाने दिलेला, हिकरीच्या लाकडाचा दांडा, तडकलेल्या जागी दोरा गुंडाळलेला. त्याचं नाव कॅलॅमिटी जेन. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा मेरियनला गेला, जिथे ट्रॅव्हिसनी त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि राष्ट्रीय हौशी स्पर्धा अंतिम सामन्यात ९ आणि ८ अशा धुव्वा फरकाने जिंकला. मग तो थांबलाच नाही. १९२५ मध्ये चेंडू किंचित हलला म्हणून कोणी पाहिलेलं नसताना त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड घेतला आणि शेवटी ती ओपन हातची गेली, हा किस्सा सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणून त्यावर थांबत नाही.

मला जास्त आवडते ती १९२९ ची विंग्ड फूटची ओपन. मोठी आघाडी त्याने शेवटच्या फेरीत स्वतःच्या हाताने घालवली. शेवटच्या होलला नुसती बरोबरी करायला बारा फुटांचा पट घालणं भाग होतं, तोही उतारावरून वळणारा. आपल्या गणिताने एक अंशाहूनही कमी. चेंडू काठाशी जाऊन क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि आत पडला. दुसऱ्या दिवशी ३६ होल्सच्या जादा फेरीत त्याने अल एस्पिनोसाला २३ फटक्यांनी हरवलं.

पण शिकून झालं म्हणजे कायमचं झालं असं नसतं, हे १९३० च्या हॉयलेकला दिसलं. त्या वर्षी तो एकाच मोसमात चारही मोठ्या स्पर्धा जिंकायला निघाला होता. पहिली, ब्रिटिश हौशी, सेंट अँड्र्यूजला जिंकून झाली होती. आता ब्रिटिश ओपनची शेवटची फेरी, आठवं होल. दोन दणदणीत फटक्यांत तो ग्रीनच्या अगदी जवळ आला. इथून कोणीही दोन-तीन फटक्यांत आटपेल. बॉबीला पाच लागले! चेंडू ग्रीनवर चढवायचा छोटा फटका आखूड पडला, दुसराही जवळ गेला नाही, मग तीन पट. दोनावर असलेला माणूस सातावर. न चिडता, काठी न फेकता त्याने चेंडू उचलला आणि नवव्या होलकडे चालायला लागला. १९२१ चा बॉबी असता तर तिथेच घरी गेला असता. ती स्पर्धा त्याने दोन फटक्यांनी जिंकली. पुढे अमेरिकन ओपनला इंटरलॅकनच्या शेवटच्या होलला चाळीस फुटांचा पट घातला, आणि २७ सप्टेंबरला मेरियनला चौथी स्पर्धा जिंकून वर्तुळ पुरं केलं. लगेच काही आठवड्यांत स्पर्धांतून निवृत्ती. वय वर्षं २८. आपल्यातले काही सीनियर त्या वयात केटी क्लिअर करत असतील, असो.

नंतर त्याने ऑगस्टाला स्वतःचं कोर्स उभं केलं आणि १९३४ मध्ये तिथे जी स्पर्धा सुरू झाली तीच आजची मास्टर्स. एका कंपनीसाठी स्टीलच्या दांड्याच्या काठ्याही डिझाइन केल्या. त्या वेळी त्याच्या जुन्या काठ्या तपासल्या गेल्या तेव्हा म्हणे एक सोडून सगळ्यांचा तोल एकमेकींशी जुळत होता. त्याने त्या वर्षानुवर्षं नुसत्या हाताच्या अंदाजाने एकेक करून निवडल्या होत्या. आणि जी जुळत नव्हती तीच काठी त्याला आयुष्यभर नीट चालली नव्हती. किस्सा खरा असेल तर व्हायब्रेशनच्या लॅबमध्ये लावून ठेवण्यासारखा आहे.

१९४८ मध्ये त्याच्या मणक्याच्या दुखण्याने गंभीर रूप घेतलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोकळी होण्याचा तो आजार होता. ऑपरेशनं झाली, उपयोग झाला नाही. आधी काठी, मग कुबड्या, मग चाकाची खुर्ची. गोल्फ त्या १९४८ सालीच संपलं. १९५८ मध्ये ज्या सेंट अँड्र्यूजमधून तो रागाने निघून गेला होता त्या गावाने त्याला आपलं मानद नागरिकत्व दिलं. तोवर हा मान मिळालेला अमेरिकन एकच होता, बेंजामिन फ्रँकलिन. १८ डिसेंबर १९७१ ला अटलांटात तो गेला. दोरा गुंडाळलेली ती पहिली कॅलॅमिटी जेन ऑगस्टाच्या क्लबात ठेवलेली आहे. तिचं तोंड घासून घासून खराब झाल्यावर बॉबीने तिच्यासारखीच दुसरी करून घेतली होती. ती न्यू जर्सीमधल्या गोल्फच्या संग्रहालयात आहे.